हळू हाक

दोन हजार बावीस सालची ती येळवस, रानं पुजायची वेळ अमावस्या. आधीची दोन वर्षं माणसांनी तोंडाला फडकी बांधून, चोरून केल्यासारखी रानं पुजली होती. त्या साली मात्र सकाळपासून उमरग्याचे रस्ते ओस आणि रानं भरलेली. ज्याला रान नव्हतं तो दुसऱ्याच्या रानात जेवायला निघाला होता. बंडप्पानं डोक्यावर घोंगडं घेऊन आंबिलीचं मडकं आणलं, बायकांनी शेंगा-पालेभाज्यांच्या भज्जीची पातेली उतरवली, कडब्याच्या कोपीत, खोपटात, चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून बसले. आणि शांताक्कांनी नुकतंच प्लास्टर काढलेला उजवा हात पदराखाली झाकून घेतला. दिवाळीत मोरीत पाय घसरला होता. मनगट सांधलं होतं, पण भरलं पातेलं उचलायचं म्हटलं की त्या हाताला लेकराच्या हाताएवढंही बळ नव्हतं.

आणि नेमकं त्याच दिवशी त्या हातचा चहा लागणार होता.

कारण बंडप्पा, शांताक्कांचा थोरला, त्या दिवशी शब्द देणार होता. जुन्या हायवेवरचं, एस.टी. स्टँडच्या अंगाचं हॉटेल त्याच्या बापानं, कल्याणप्पांनी, नावारूपाला आणलेलं. सोलापूर सोडलं की थेट कल्याणप्पांच्या चहालाच ब्रेक मारायचा, असं हैदराबादपर्यंतचे ड्रायव्हर सांगायचे. मग रस्ता चौपदरी झाला आणि गावाला वळसा घालून निघून गेला. ट्रक गेले, तसं हॉटेलही गेल्यातच जमा झालं. बंडप्पा सकाळी फळ्या उघडायचा आणि दुपारी पेपर वाचत बसायचा. गंमत अशी की तो नवा रस्ता ह्यांच्याच रानाला घासून गेला होता. ज्या बांधावर आज पांडव बसले होते, तिथून दगड मारला तर ट्रकला लागावा.

त्या बांधावर नजर पडली ती शांतलिंगची. शांतलिंग म्हणजे शांताक्कांच्या नणंदेचा, नीलम्मांचा मुलगा, बसवकल्याणचा. त्यानं पुण्याच्या कुठल्याशा चहाच्या कंपनीशी संधान बांधलं होतं. बांधावर कंपनीचं काचेचं दुकान, आत मशीन, बाहेर पाटी, पाटीवर आजीचा, म्हणजे नीलम्मांच्या आईचा, फोटो आणि खाली 'शिवम्मांचा खास मसाला चहा'. बंडप्पानं जागा द्यायची आणि जुन्या हॉटेलाला कुलूप घालायचं.

"मामी, आजीचं नाव हायवेवर लागंल," शांतलिंग सकाळीच पाया पडताना म्हणाला होता. "वाईट काय हाय सांगा?"

वाईट काय आहे, हे शांताक्कांना सांगता येईना. चहा शिवम्मांचाच, असं अख्खं उमरगा म्हणत होतं. शांताक्का स्वतःही जन्मभर तेच म्हणत आल्या होत्या. सासूचा फोटो लागू नये असं कुठल्या तोंडानं म्हणायचं?

पण त्यांच्या पोटात एक दुसरीच गोष्ट होती, पन्नास वर्षं जपलेली.

शांताक्का मूळच्या परंड्याच्या. तिथं त्यांचं नाव शांता. घरात गळ्यात लिंग होतं, पण तोंडात मराठीच. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या साली लग्न होऊन उमरग्याला आल्या तेव्हा घरात सगळे कन्नडच बोलत, आणि नव्या नवरीला त्यातलं 'बा' आणि 'होगु' एवढंच कळे. ये आणि जा. शिवम्मा कडक बाई. चहाला त्या विष म्हणायच्या. त्यांच्या माहेरी बसवकल्याणला कषाय पीत. धने, जिरे, सुंठ, मिरी भाजून कुटायची आणि दुधापाण्यात उकळायची. सासऱ्यांनी सोलापूरच्या गिरणीत असताना चहाची चटक लावून घेतली होती. ते गावी परतले, रस्त्यावर छपराचं हॉटेल टाकलं, आणि बायको चहा करू देईना. शेवटी तडजोड झाली. कषाय शिवम्मांचं, त्यात चिमटभर चहापत्ती सासऱ्यांची. असा तो चहा झाला. बरा लागायचा. औषध बरं लागावं तितपत.

मग शांता आली. पहिल्याच सकाळी सासूनं तिला चुलीपुढं बसवलं, मसाला टाकून दिला आणि आपण लिंगपूजेला देवघरात गेली. जाता जाता आतून ओरडली, "हालु हाकु!"

दूध घाल, एवढंच म्हणणं होतं. कन्नडमध्ये हालु म्हणजे दूध आणि हाकु म्हणजे घाल. पण परंड्याच्या पोरीनं ऐकलं, "हळू हाक."

आता हळू हाकायला चहा म्हणजे काय बैलगाडी आहे? विचारावं तर शिवम्मांच्या तळहातावर लिंग, त्या आता पूजा होईतोवर शब्द बोलणार नाहीत. शांतानं डोकं चालवलं. हळू म्हणजे जाळ हळू. तिनं चुलीतली लाकडं ओढून घेतली, निखारे तेवढे ठेवले, आणि मसाल्याचं पाणी संथ, अगदी संथ उकळत बसली. दूध चरवीत तसंच. पाणी निम्म्यावर आलं, तांबूस झालं, घरभर वास सुटला. पूजा आटपून शिवम्मा बाहेर आल्या, दुधाची चरवी भरलेली पाहून कपाळावर हात मारला, कन्नडमध्ये काहीबाही बोलल्या, घाईनं चहापत्ती टाकली, दुसऱ्या चुलीवरचं तापलेलं दूध वरून ओतलं आणि एक उकळी येताच उतरवलं. फेकून द्यायच्या आधी जिभेवर घोटभर घेतला.

मग त्या पाटावर बसल्या आणि उरलेली कपबशी संपवली. आणि पुन्हा कप पुढं केला.

खाणाखुणांनी दोघींना घोटाळा उमगला, आणि त्या दिवसापासून शिवम्मांनी मरेपर्यंत हीच सूचना मराठीत दिली. "हळू हाक ग, शांते." इतर मराठी त्यांना कधी धड आलं नाही, पण हे दोन शब्द असे म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्या परंड्याच्याच. घरातल्यांना वाटायचं, जाळाचं सांगतायत. दोघी मात्र एकमेकींकडं बघून ओठ दाबायच्या.

नीलम्मांना ह्यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. त्या शांता येण्याच्या आदल्याच साली बसवकल्याणला सासरी गेल्या होत्या.

जेवणं झाली. येळवशीला वाटसरूला हाक मारून जेवू घालायची रीत. शिवानंदनं, शांताक्कांच्या धाकट्यानं, बांधावर उभं राहून ट्रकसुद्धा थांबवले होते. कोपीपुढं पंगतीवर पंगत उठली. एक सरदारजी भज्जीत बाजरीचा उंडा बुडवून खात होता आणि "ये क्या चीज है भई" म्हणून विचारत होता.

शिवानंद लातूरला एका औषध कंपनीत फिरतीवर. बोलण्यात पटाईत. तो शांतलिंगच्या बाजूचा. बंडप्पा थकून गेलेला, म्हणून तोही तिकडंच झुकलेला. नीलम्मा तर आईच्या फोटोसाठी आसुसलेल्या. उरली महेश्वरी, बंडप्पाची लेक. लातूरला बी.एस्सी. करून आलेली, आजीच्या शेजारी परकरात असल्यापासून चुलीशी बसलेली.

"अप्पा, बांध मला द्या," ती सगळ्यांदेखत म्हणाली. "मशीन नको, काच नको. चूल आणि पत्रा. मी चालवते."

बंडप्पानं आडकित्ता खाली ठेवला. "हायवेवर? पोरीनं?"

"आज्जीनं जुन्या हायवेवर चालवलंच की."

"तिच्या मागं तुझा आजोबा हुता."

"माझ्या मागं तुम्ही हाव की."

बंडप्पानं आडकित्ता पुन्हा उचलला. उत्तर नीलम्मांनी दिलं. "अग माझे बाई, तू उद्या लगीन होऊन जाशील. ह्या घरचा चहा सुनंच्या हाती जातो. माझ्या अव्वानं, आईनं, मलासुदीक दिला न्हाय, सुनंला दिला. लेकीला देऊन कसं चालंल?"

"सून बसलीय की ती," शिवानंद हसून म्हणाला, आणि सगळ्यांनी महादेवीकडं पाहिलं.

बंडप्पाची बायको महादेवी पत्रावळ्या गोळा करत होती. ह्या घरातला सगळ्यात मोठा विनोद तीच होती. चहाच्या घरात दिली आणि जन्मात कधी चहा प्यायली नाही. वासानं डोकं दुखतं म्हणायची. वर न बघता ती म्हणाली, "माझ्याकडं बगू नका. म्या फकस्त भांडी घासते."

हशा झाला. शांताक्का हसल्या नाहीत. नीलम्मांच्या बोलण्यातला एक शब्द त्यांना टोचला होता. मलासुदीक दिला न्हाय. एवढी वर्षं ही बाई तो सल घेऊन फिरत होती तर.

"बंडू," त्या म्हणाल्या. "शब्द द्यायचा तर दे. पण आधी चहा हू दे. येळवशीचा चहा माझ्या चुलीवर हुतो, अजून कवा चुकला न्हाय. माझा हात चालत न्हाय, महेश्वरी करंल."

"अव्वा, मग निकाल कसा लावायचा?" शिवानंदला लगेच त्यात सामना दिसला. "आदी शांतलिंगचा, मग हिचा."

"निकाल साधाय," शांताक्का म्हणाल्या. "तुमच्या आजीनं लावला हुता तसा. कप दुसऱ्यांदा पुढं आला पायजे. मागितल्याबिगर. ज्याच्या चहाला माणसं पुन्हा कप धरतील, बांध त्याचा."

बंडप्पानं पांडवांकडं बघून मान हलवली. "मंजूर. पण अव्वा, न्हाय धरले तर मग रडायचं न्हाय."

"रडतंय कोन?" महेश्वरी म्हणाली, आणि ओढणी कमरेला खोचून सरपणाच्या तुराट्या मोडायला लागली.

शांतलिंगचा चहा पहिला झाला. त्यानं गॅसची शेगडी आणली होती, स्टीलचं चकचकीत पातेलं, मसाल्याचं सोनेरी पाकीट. मसाला खरा होता, हे शांताक्कांनी वासावरूनच ओळखलं. धने होते, सुंठ होती, सगळं नीलम्मांनी जसंच्या तसं सांगितलं होतं. त्यानं दूधपाणी एकत्र करून उकळलं आणि कागदी कपातून वाटलं. लोकांनी प्यायला. सरदारजीनं "अच्छा है" म्हटलं. कागदी कप चुरगळून टोपलीत पडले. पुन्हा कप कुणी धरला नाही, पण तोंडही कुणी वाकडं केलं नाही.

"लेका, चांगला झालाय," शांताक्का म्हणाल्या, आणि ते खरंच होतं.

मग महेश्वरीनं तीन दगडांच्या चुलीवर घरचं पातेलं चढवलं. मसाल्याचं पाणी, साखर. लाकडं मागं ओढली, तुराट्यांचे निखारे पसरले. शांताक्कांना चुलीजवळ बसायची सोय नव्हती, जवळ बसलं की हात पातेल्याला जायचाच, आणि डॉक्टरांनी ओझ्यापासून लांब राहा म्हणून सांगितलं होतं. त्या बोरीखाली पाहुण्यांत बसल्या, पण कान चुलीकडं. उन्हं उतरायला लागली होती. वारा सुटला होता, ज्वारी सळसळत होती, रस्त्यावरनं ट्रक घोंगावत होते.

महेश्वरी कप विसळायला बोअरवर गेली. तेवढ्यात निखाऱ्यांवर वारा बसला आणि लाल झळ उठलेली शांताक्कांनी लांबून पाहिली. त्यांनी तोंडाशी हात धरून सवयीनं हाक दिली:

"हळू हाऽऽक ग!"

चुलीजवळ नीलम्मा बसल्या होत्या. थंडी वाजते म्हणून शेकत. वाऱ्यावर आलेले ते दोन शब्द त्यांच्या कन्नड कानात शिरले, आणि त्यांना पन्नास वर्षांमागची आपली आईच बोलावते आहे असं वाटलं. हालु हाकु. दूध घाल. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं. पोर जाग्यावर नाही. दुधाची भरली चरवी शेजारीच. म्हातारी पोरीला दूध घाल म्हणून ओरडतेय आणि पोरीचा पत्ता नाही. शांताचा चहा आपल्यामुळं बिघडला असं कुणी म्हणायला नको! भल्या मनानं नीलम्मा उठल्या आणि अख्खी चरवी पातेल्यात उपडी केली.

महेश्वरी कपांची टोपली घेऊन आली ती जागीच थिजली.

"आत्याआज्जी! हे काय केलंत?"

"काय केलं म्हंजे? तुझी अज्जी वरडली की दूद घाल म्हणून!"

"आज्जी? आज्जी दूध घाल म्हणाली? आत्ता?" पोरीचा आवाज चिरकला. "अजून पाणीसुद्धा आटलं न्हाय! सगळं दूध गेलं!"

सगळे धावले. शिवानंदनं पातेल्यात डोकावून पाहिलं. बंडप्पा म्हणाला, "झालं. संपलं. जाऊ द्या आता." नीलम्मांचा चेहरा लहान पोरासारखा झाला. "म्या मुद्दाम न्हाय केलं ग, बाई," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "म्या मुद्दाम न्हाय केलं. ती बोलली. हालु हाकु म्हणली."

शांताक्का तिथवर पोचल्या होत्या. त्यांनी ते शब्द ऐकले. मग त्यांना हसू फुटलं. असं फुटलं, की बोरीखालून चालत आलेली बाई मातीतच बसली. डोळ्यांतून पाणी, पोटावर डावा हात, दुखरा हात हवेत. शिवानंद घाबरला. "अव्वा? अव्वा, पाणी आणा रे कुणीतरी!"

"पाणी नको," शांताक्का दम घेत म्हणाल्या. "अक्का, तो चहा फेकू नका. उकळू द्या. प्या तुमी तो."

"कशाला माझी चेष्टा करतीस?"

"चेष्टा न्हाय. प्या."

चहापत्ती पडली, उकळी आली, गाळला. नीलम्मांनी बशीत ओतून घोट घेतला. आणि त्यांच्या कपाळावरच्या सगळ्या आठ्या विरून गेल्या. "अव्वाचा चहा," त्या हळूच म्हणाल्या. "शांता, हा माझ्या अव्वाचा चहा. म्या परकरी असतानाचा. छपरातला."

शांतलिंगनंही चाखला. "हा तर माझाच हाय की. म्या केल्यासारखाच."

"तेच तर," शांताक्का म्हणाल्या. "तुझ्या आजीचा चहा तू बरोबर शिकलास, लेका. तुझ्या आईनं बरोबर सांगितला. ह्या घरात जो हुतो, तो तिचा न्हाय."

मग त्यांनी सांगितलं. तिथंच मातीत बसून, चुलीच्या धगीत, पहिल्या सकाळची सगळी गोष्ट. देवघरातून आलेली हाक. परंड्याच्या पोरीचे कान. मागं ओढलेली लाकडं. सासूनं पुढं केलेला दुसरा कप. सांगताना त्या कुठं थांबल्या नाहीत की अडखळल्या नाहीत. पन्नास वर्षं ती गोष्ट ओठांवर घोळून गुळगुळीत झाली होती.

बंडप्पा तोंड उघडं टाकून ऐकत होता. "म्हंजे हळू हाक म्हंजे जाळाचं न्हाय?"

"जाळाचंच. पर आदी दुधाचं."

"आन् अव्वानं कुणाला सांगितलं न्हाय?" नीलम्मांनी विचारलं. "मलासुदीक?"

"म्या एकदा विचारलं सासूबाईस्नी. अत्ती, खरं सांगू का लोकास्नी? तर म्हणल्या, सुनंचं चुकलं म्हणून सांगितलं तर गाव तुला हसंल. सुनंचं बरोबर आलं म्हणून सांगितलं तर मला हसंल. ऱ्हाऊ दे, आपल्या दोघीत." शांताक्का थांबल्या. मग नीलम्मांकडं सरळ बघून म्हणाल्या, "अक्का, त्यांनी चहा तुमाला दिला न्हाय असं मनात धरू नका. त्यांचा जेवडा हुता तेवडा तुमालाच दिला. माझ्याकडं त्यांचा नव्हताच कवा."

नीलम्मांनी बशी खाली ठेवली. तेवढ्यात शांतलिंग खाकरला. पोरगा मनानं वाईट नव्हता. "महेश्वरी, माझ्या कॅनमदी दूद हाय शिल्लक. घे. पर मग चहा माझा बी म्हणावा लागंल, बग."

महेश्वरी ओठ चावत उभी. आणि तेव्हा, एवढा वेळ पत्रावळ्या गोळा करणारी महादेवी पदर खोचून पुढं आली. तिनं रिकामी चरवी उचलली.

"घरची म्हस मेली न्हाय अजून," ती म्हणाली. "धारंची येळ झालीच हाय." बंडप्पाकडं बघून म्हणाली, "आन् तुमी असं तोंड पसरून काय बसलाव? तुराट्या आणा पोरीला."

लग्नानंतर महादेवीनं नवऱ्याला असं भर पंगतीत हुकूम सोडल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. बंडप्पा उठला आणि तुराट्या आणायला गेला.

म्हैस बांधाला रेडकाजवळच होती. महादेवीनं फेसाळ दूध आणलं, बाजूला दुसऱ्या दगडांवर तापवायला ठेवलं. महेश्वरीनं पातेलं घासून पुन्हा चढवलं. ह्या खेपेला शिवानंद स्वतः चुलीजवळ पहारेकरी होऊन बसला आणि कुणाला फिरकू देईना. पाणी संथ उकळू लागलं. आधी सुंठीचा वास आला, मग मिरीचा, आणि पाणी निम्म्यावर आलं तेव्हा भाजल्या धन्यांचा. लोक वेलदोडा समजतात तो वास ह्या धन्यांचाच. पंगतीतली बोलणी आपोआप कमी झाली. घरी निघालेली शेजारची माणसं चपला घालून पुन्हा थांबली.

"हळू," शांताक्का पुटपुटल्या. मोठ्यानं म्हणायची आता त्यांची छाती नव्हती.

"हाकतेय, आज्जी," महेश्वरी म्हणाली.

पत्ती पडली. वरून तापलं दूध धारेनं ओतलं. एक उकळी आली, पातेलं उतरलं. कप भरले. घरच्या चिनी मातीच्या कपांतून वाफ निघाली आणि रानावर सांज उतरली. सरदारजीनं घोट घेतला, डोळे मिटले, दाढीवरून हात फिरवला. मग त्यानं कप संपवून सरळ पुढं धरला. काही मागितलं नाही, नुसता धरला. त्याच्या शेजारचा क्लीनर. मग पलीकडच्या शेताचे दोघं. मग शिवानंद, मान खाली घालून, जणू आपण नाहीच. शांतलिंगनं धरला तेव्हा मात्र सगळे ओरडले, "अरे तू बी?"

"काय करू," तो म्हणाला. "हात ऐकंना."

सगळे बंडप्पाकडं बघायला लागले. बंडप्पा नीलम्मांकडं बघत होता. थोरली आत्या. तिच्या आईचा फोटो. ती काय म्हणते त्यावर सगळं होतं. नीलम्मांनी कप हळूहळू संपवला, शेवटचा थेंब बशीत निथळू दिला, आणि दोन्ही हातांनी कप महेश्वरीपुढं केला.

"छलो अद," त्या म्हणाल्या. "लई छान हाय. भर."

पोरीनं भरला. एक थेंब सांडला नाही.

"शांत्या," नीलम्मा लेकाला म्हणाल्या, "तू आजीचा चहा घेऊन बसवकल्याणला चल. तिथं लाव तिचा फोटो, माझ्या दारासमोर. म्या रोज बगीन. हितला चहा हिचा हाय." त्यांनी शांताक्कांकडं बोट केलं. "आन् बंडू, लेकीला देत न्हाईत म्हणून म्या म्हणले, ते चुलीत घाल. मला दिला असता तर म्या अव्वाचं नाव बसवकल्याणात गाजवलं असतं."

बंडप्पा उठला. पांडवांपुढचं आंबिलीचं बोळकं उचललं, बांधावर गेला आणि जिथं काचेचं दुकान होणार होतं तिथं आंबील शिंपडली. "महेश्वरे," तो म्हणाला, "ही जागा तुझी. पाटीवर काय लिवायचं ते ठरव."

"शांताक्काचा चहा!" शिवानंद लगेच म्हणाला. एका दिवसात बाजू बदलूनही त्याचा आवाज तेवढाच मोठा होता.

"नको," शांताक्का म्हणाल्या. "नुसतं माझं नको. आमी दोघींचं असंल ते लिवा."

महेश्वरीनं आजीकडं पाहिलं आणि तिला कळलं.

त्यानंतर काय झालं ते थोडक्यात सांगायला हवं. शांतलिंगनं बसवकल्याणला दुकान काढलं. फोटोतल्या शिवम्मा दारात बसलेल्या नीलम्मांकडं दिवसभर बघत असतात. दुकान बरं चालतं, आणि त्याच्या चहाला कषाय आवडणारी जुनी माणसं मुद्दाम येतात. नीलम्मा येळवशीला उमरग्याला येतात, आणि वाऱ्याच्या दिवशी त्यांना चुलीजवळ बसू दिलं जात नाही. शिवानंद लातूरला सगळ्यांना सांगतो की बांधावर हॉटेल काढायची कल्पना मूळ त्याची. बंडप्पानं पेपर वाचणं सोडलं. तो लेकीच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो, आणि कुणी चहाचं कौतुक केलं की "आमची पोरगी" म्हणताना त्याची मान ताठ होते. महेश्वरीला बघायला आलेल्या पहिल्या दोन स्थळांना हायवेवरची मुलगी नको होती. तिसरा, नळदुर्गचा रुद्रेश, शाळामास्तर, बघायला आलाच नव्हता. तो रोज मोटरसायकलवरून जाताना चहा प्यायचा, आणि एक दिवस त्यानं दुसऱ्यांदा कप पुढं करताना विचारलं. चूल तिथंच राहिली, तोच इकडं राहायला आला. महादेवी दूध काढते, भांडी घासते. चहा तिनं अजून प्यायलेला नाही.

शांताक्कांचा हात पुरता बरा झाला नाही. त्या हॉटेलापुढं खुर्ची टाकून बसतात. समोर रस्ता, आणि रस्त्याच्या कडेला पिवळ्या पत्र्यावर मोठ्या काळ्या अक्षरांत पाटी: 'हळू हाक'. खाली काही नाही, चहाचं नावसुद्धा नाही. लांबून येणाऱ्या ड्रायव्हरला ती सरकारी सूचना वाटते. तो ब्रेक दाबतो. ट्रक फुस्स करून हळू होतो, आणि हळू झाला की खिडकीतून वास शिरतो, आणि वास शिरला की तो थांबतोच.

दर वेळी ब्रेकचा तो आवाज आला की शांताक्का पदर सावरून बसतात आणि शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडं तोंड करून हळूच म्हणतात, "ऐकलंत का, अत्ती? हाकला बगा हळू."